शेवटच्या रिळाचा आवाज

"रिळाला आवाज नसेल, मला आहे," प्रेमला म्हणाली आणि तिनं चहाचा कप बशीत ठेवला.

हर्षितला वाटलं, आजींना आपलं बोलणं नीट कळलं नसावं. जुन्या फिल्म दुरुस्त करणाऱ्या पुण्याच्या एका संस्थेत तो काम करत होता. 'अगली पेशी', म्हणजे कोर्टाची पुढची तारीख, या सिनेमाची एकुलती एक प्रत ताश्कंदच्या गोदामात सापडली, तेव्हापासून तो तिच्यामागे होता. त्यानं पुन्हा समजावून सांगितलं. चित्र सगळं शाबूत आहे. पण शेवटच्या रिळाला ओल लागली होती आणि फिल्मच्या कडेला आवाजाची जी पट्टी असते ती पार गेली आहे. प्रतीवर संवादांचं रशियन भाषांतर छापलेलं आहे, त्यावरून अर्थ तेवढा कळतो. इटलीच्या महोत्सवात लोकांनी ते रीळ मुकं पाहिलं, खाली दिलेलं भाषांतर वाचत, आणि तरीही संपल्यावर उठून उभे राहिले. परवा इथं झाशीतही तसंच दाखवायचं ठरलं होतं.

"त्या रिळात बोलतं कोण?" प्रेमलानं विचारलं.

"तुम्हीच. साक्षीदाराच्या पिंजऱ्यात."

"मग."

"आजी, साठ वर्षं झाली त्याला."

 जेवणाच्या टेबलाच्या कडेवर प्रेमलानं दोन्ही हात ठेवले, मान किंचित वर केली आणि बोलायला लागली. हिंदी तिची नेहमीचीच होती, भाजीवाल्याशी बोलायची तीच. पण आवाज तो नव्हता. खालच्या पट्टीतला, घाई नसलेला, प्रत्येक शब्द पायरीवर पाय ठेवावा तसा ठेवणारा. शलाका, तिची नात, दिल्लीहून याच कार्यक्रमासाठी आली होती. ती मोबाइल काढून रेकॉर्ड करायला लागली आणि मग रेकॉर्ड करायचंच विसरली.

प्रेमलाचा वकील मुलगा मिलिंद तेवढ्यात कचहरीतून परतला होता. काळा कोट हातावर टाकून तो दारातच थांबला. पंचावन्न वर्षांच्या आयुष्यात त्यानं आईचा हा आवाज ऐकला नव्हता. आई सिनेमात होती हे त्याला शाळेतल्या एका मुलाकडून कळलं होतं. घरी विचारलं तेव्हा वडिलांनी, नीलकंठरावांनी, विषय बदलला होता. लघाट्यांच्या घरात त्या सिनेमाचं नाव कोणी घेत नसे. गेल्या हिवाळ्यात शलाकानं परदेशी वर्तमानपत्रातला लेख दाखवला, त्यात आईचा विशीतला फोटो होता, आणि खाली लिहिलं होतं की हिंदी सिनेमात साक्षीदाराचं असं काम पूर्वी झालं नव्हतं आणि नंतरही क्वचितच झालं.

प्रेमला रेल्वेच्या गार्डची मुलगी. रेल्वे इन्स्टिट्यूटच्या, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या क्लबच्या, गणेशोत्सवात ती नाटकात उभी राहिली, तेव्हा लोकेशन बघायला झाशीत आलेल्या एका दिग्दर्शकानं तिला पाहिलं. वडील तिला घेऊन दोन महिने मुंबईला राहिले. काम संपलं, ती परत आली, नीलकंठाशी लग्न झालं. आणि लग्नानंतर सिनेमा लागला.

"प्रश्नही मला येतात," आता ती हर्षितला सांगत होती. वकिलाचं काम करणारे गृहस्थ विसराळू होते, रोज सकाळी तिच्याकडून पाठ करून घ्यायचे. "शलाका लिहून घेईल. विचारणारा तेवढा हवा." मग तिनं दाराकडे पाहिलं. "मिलिंद, वकील तू आहेस. तू विचारशील?"

मिलिंदनं कोट खुर्चीवर टाकला. "काकांशी बोलावं लागेल," तो म्हणाला.

मुग्धा, त्याची बायको, स्वयंपाकघरातून बाहेर आली होती. ती नागपूरची, लग्न होऊन आली तेव्हापासून या घरातल्या गप्प बसण्याचं तिला नवल वाटत आलेलं. तिनं नवऱ्याकडे पाहिलं.  प्रेमलानं कप उचलला आणि गार झालेला चहा पिऊन टाकला.

*

गोविंदराव लघाटे म्हणजे नीलकंठरावांचे धाकटे भाऊ. लक्ष्मी गेटजवळच्या घरात खालच्या मजल्यावर त्यांचं ऑफिस होतं. त्र्याऐंशी वर्षांचे, पत्नी जाऊन बराच काळ झालेला. कचहरीत रोज जाणं सुटलं होतं, पण फौजदारी खटल्यात उलटतपासणी कशी करावी हे विचारायला तरुण वकील अजून त्यांच्याकडे येत. मिलिंद त्यांच्या हाताखालीच तयार झाला. त्याचं टेबल त्याच ऑफिसात होतं, आणि त्याच्याकडे येणारी निम्मी माणसं आधी 'बड़े वकील साहब' कुठे आहेत हे विचारत.

गोविंदरावांनी सगळं ऐकून घेतलं. पुतण्याला मधे तोडलं नाही.

"सगळं आठवतंय त्यांना?" त्यांनी शेवटी विचारलं.

"सगळं."

"प्रश्नसुद्धा?"

"प्रश्नसुद्धा."

गोविंदरावांनी खिडकीकडे तोंड फिरवलं. मग त्यांचा नेहमीचा चेहरा परत आला. सिनेमा लागला तेव्हा काय झालं हे मिलिंदला माहीत आहे का, असं त्यांनी विचारलं, आणि उत्तराची वाट न पाहता सांगायला लागले.

सिनेमातली बाई एका मोठ्या घरची सून असते. तिचा थोरला दीर कुळाला ठार मारतो, तिनं ते पाहिलेलं असतं, आणि ती कोर्टात उभी राहून ते सांगते. घरच्या माणसाविरुद्ध, भर कचहरीत. झाशीत पोस्टर लागलं ते मानिक चौकात, आणि पोस्टरवर चेहरा होता लघाट्यांच्या नव्या सुनेचा. लोकांना सिनेमा आणि घर वेगळं करता येईना. लक्ष्मी ताल या तळ्यावरच्या देवळात बायका गोविंदरावांच्या आईला विचारू लागल्या, तुमच्या घरी कोणी कोणाला मारलं हो? आई आठवडाभर धड जेवली नाही. गोविंदरावांना सनद मिळून वर्ष झालं नव्हतं. कोर्टातल्या बाररूममध्ये पाऊल टाकलं की कोणीतरी म्हणे, भैया, भाभी की गवाही में ज़मानत मिली क्या?

"मी चार माणसं घेऊन टॉकीजच्या मालकाकडे गेलो," गोविंदराव म्हणाले. "त्यानं दुसऱ्या दिवशी सिनेमा उतरवला. मग ललितपूरनं उतरवला, ग्वाल्हेरनं उतरवला. निर्माता बुडाला म्हणे. मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही."

"आणि आता, काका?"

"आता तू स्टेजवर उभा राहून तेच प्रश्न सगळ्या वकिलांसमोर तुझ्या आईला विचारणार." त्यांनी टेबलावरचा चष्मा उचलला, पुसला, परत ठेवला. "विचार. पण आधी तुझ्या फायली इथून उचल."

मिलिंदला वाटलं ते रागानं म्हणाले. पण आवाज चढलेला नव्हता. पिंजऱ्यातल्या साक्षीदाराशी ते जितकं हळू बोलत, तितकंच हळू ते बोलले होते.

*

त्या दिवशी मिलिंदनं घरी काही सांगितलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तो कचहरीला जायच्या वेळेच्या आधी निघाला आणि गाडीच्या मागच्या सीटवर फायलींचे गठ्ठे घालून परत आला. मुग्धानं दार उघडलं. तिनं गठ्ठे पाहिले, पुढची खोली पाहिली आणि सोफा भिंतीला सरकवायला घेतला.

"काकांनी काढायला लावल्या?" तिनं विचारलं.

"अट घातली होती."

"आणि तुम्ही मानलीत."

"अटच मानली," मिलिंद म्हणाला. "आईचं काम सोडलं नाही."

मुग्धा हसली. लग्नाला सत्तावीस वर्षं झाली होती. काका आणि बायको यांच्यात निवड करायची वेळ आली की हा माणूस काकांकडेच झुकतो, हे तिनं केव्हाच धरून टाकलं होतं. आज मात्र ती स्वतः फायली आत आणायला त्याच्याबरोबर खाली गेली.

प्रेमला पूजा आटोपून बाहेर आली तेव्हा पुढच्या खोलीत चालायला वाट राहिली नव्हती. ती एका गठ्ठ्यावर हात ठेवून उभी राहिली.

"हे करायला मी तुला सांगितलं नव्हतं," ती म्हणाली.

"नाही."

"भाऊजींनी तुला शिकवलंय. ते विसरायचं नाही."

"विसरलो नाही, आई. पण तू काल बोलत होतीस ना, तेव्हा मी दारात उभा होतो. मला वाटलं, हे मी लहानपणापासून रोज ऐकायला हवं होतं."

प्रेमला खुर्चीवर बसली. तिला गेलेल्या नीलकंठाची आठवण झाली. सिनेमा उतरवला त्या आठवड्यात त्यानं तिला एकदाच विचारलं होतं, पुन्हा काम करायचंय का. ती नाही म्हणाली, आणि त्याच्या चेहऱ्यावर सुटल्यासारखं हसू आलं. माणूस चांगला होता. आयुष्यभर तिला कशाला कमी पडू दिलं नाही. पण ते हसू तिनं पाहिलं होतं. त्यानंतर दुपारी घर झोपलं की ती मनातल्या मनात सगळं रीळ पहिल्यापासून शेवटपर्यंत बोलायची. सासू होती तोवर, मुलगा लहान होता तोवर, नंतर सवय म्हणून. त्यामुळे साठ वर्षांनी आठवतं कसं, या हर्षितच्या शंकेचं तिला हसू आलं होतं. ती विसरलीच कधी होती?

हे तिनं मुलाला सांगितलं नाही. ती म्हणाली, "चल, प्रश्न वाच. आणि वाचताना माझ्याकडे आई म्हणून बघू नकोस, प्रश्न मऊ होतात."

*

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रेल्वे इन्स्टिट्यूटचा हॉल गच्च भरला. रेल्वेतून निवृत्त झालेली मराठी कुटुंबं होती, कॉलेजची पोरं होती, आणि मधल्या रांगांत निम्मी कचहरी बसलेली. मिलिंदचं आणि गोविंदरावांचं फाटल्याची बातमी तिथं सगळ्यांना आधीच कळली होती. पहिल्या रांगेत एक खुर्ची प्रेमलानं मुद्दाम रिकामी ठेवायला लावली होती. कोणासाठी ते मुग्धानं विचारलं नाही. अंधार झाला तेव्हाही ती रिकामीच होती.

पडद्यावर काळं-पांढरं शहर उजळलं. प्रेमलानं हा सिनेमा थिएटरात कधी पाहिला नव्हता. तिला पाहायला मिळण्याआधीच तो उतरवला गेला. आता ती स्वतःला पाहत होती. डोक्यावरून पदर, मोठे कान, जरा पुढे आलेले दात, ज्यांच्यावरून मुंबईच्या मासिकांनी तेव्हा टिंगल केली होती. ती मुलगी अंगणातून चालत गेली, दाराआड थांबली, आणि तिनं जे पाहिलं ते पाहताना हॉलमधला खोकलासुद्धा थांबला. प्रेमलाला लाज वाटेल असं वाटलं होतं. तसं काही झालं नाही. तिला त्या मुलीचा अभिमान वाटला, शेजारच्या घरातल्या हुशार मुलीचा वाटावा तसा.

शेवटच्या रिळाच्या आधी दिवे लागले. हर्षितनं मोजक्या शब्दांत सांगितलं की आवाज गेलेला आहे आणि आज तो इथं उभा आहे. स्टेजच्या एका बाजूला प्रेमला, दुसऱ्या बाजूला मिलिंद. दोघांसमोर माइक, दोघांना पडदा दिसेल असे. दिवे गेले.

सुरुवात बरी झाली. पडद्यावरचा वकील बोलायला लागला आणि मिलिंदनं विचारलं, "आप उसी घर की बहू हैं?"

"जी," प्रेमला म्हणाली, आणि पडद्यावरच्या मुलीचे ओठ तिच्याबरोबर हलले. हॉलमध्ये कोणीतरी श्वास आत घेतला.

"उस घर का नमक खाया है आपने?"

"खाया है. उस घर की रसोई में पकाया भी है."

मागच्या रांगांतून हलकं हसू आलं, कौतुकाचं. पण पुढे पडद्यावरचा वकील फिरायला लागला. त्यानं कॅमेऱ्याकडे पाठ केली; तो कधी बोलतो, कधी थांबतो ते कळेना. मिलिंद कागदाकडे बघू की पडद्याकडे बघू असा अडकला. त्याचा प्रश्न उशिरा आला, पडद्यावरची मुलगी आधीच उत्तर देत होती. प्रेमला थांबली. पुढचा प्रश्न त्यानं घाईनं उचलला, तो आधी पडला. कॉलेजच्या पोरांत कोणीतरी हसलं, आणि हे हसणं कौतुकाचं नव्हतं. मिलिंदच्या कपाळावर घाम आला. कचहरीत तीस वर्षं उभा राहिलेला माणूस कागदावरची ओळ शोधत राहिला. पडद्यावर वकील पाठमोरा चालतच होता, मुका.

"तो फिर उस घर के ख़िलाफ़ गवाही क्यों?"

आवाज हॉलच्या मागच्या दारातून आला. हळू, पण शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचणारा. पडद्यावरचा वकील नेमका त्याच शब्दावर वळला आणि त्याचे ओठ मिटले.

प्रेमलानं मागे वळून पाहिलं नाही. तिला तो आवाज ओळखायला बघावं लागत नव्हतं.

"घर के ख़िलाफ़ नहीं, वकील साहब," ती म्हणाली. "आंगन में जो मरा, वो भी किसी घर का था."

गोविंदराव काठी टेकत मधल्या वाटेनं पुढे येत होते. कागद नव्हता. प्रत्येक प्रश्न त्याच्या जागेवर पडत होता, पाठमोरा असो की समोरून. वकिलांच्या रांगांत माणसं एकमेकांकडे बघायला लागली, कारण ही विचारायची ढब त्यांनी झाशीच्या कोर्टात जन्मभर ऐकलेली होती: आवाज चढवायचा नाही, साक्षीदाराला बोलू द्यायचं, आणि मग अर्धं पाऊल पुढे.

त्या वर्षी गोविंदराव एका कामासाठी कानपूरला गेले होते. दुपार मोकळी होती म्हणून थिएटरात शिरले, वहिनीनं घराण्याची काय अब्रू काढली आहे ते बघायला. बाहेर आले आणि पुढच्या खेळाचं तिकीट काढलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले. उलटतपासणी म्हणजे काय हे त्यांना कोणा ज्येष्ठ वकिलानं शिकवलं नव्हतं. ते त्या पडद्यावर शिकले. आणि झाशीला परत येऊन, आईचा उतरलेला चेहरा आणि बाररूममधलं हसणं यांच्यापुढे नमून, त्यांनी तो पडदा बंद पाडला. नंतर प्रत्येक खटल्यात ते तेच प्रश्न मनाशी घोळवत उभे राहिले. सांगायचं कोणाला?

मिलिंदनं आपला माइक काढला, पायऱ्या उतरून काकांच्या हातात दिला आणि त्यांचा हात धरून त्यांना वर आणलं. गोविंदरावांनी पडद्याकडे बघायचं सोडून दिलं होतं. ते वहिनीकडे बघत होते. शेवटचा प्रश्न राहिला होता, आणि हॉलमध्ये लघाट्यांना ओळखणाऱ्या प्रत्येकाला तो विचारायच्या आधीच कळला.

"आज आप यहाँ खड़ी हैं," गोविंदराव म्हणाले. "कल उस चौखट पर..."  पडद्यावरचा वकील पुढे गेला, ते मागे राहिले. प्रेमला थांबून राहिली. पडद्यावरची मुलगीसुद्धा थांबली होती. दिग्दर्शकानं तिथं मोठी शांतता ठेवली होती, आणि त्या शांततेत गोविंदरावांना वेळ मिळाला. "कल उस चौखट पर किस मुँह से जाएँगी?"

प्रेमलानं त्यांच्याकडे पाहिलं.

"इसी मुँह से," ती म्हणाली.

पडद्यावर मुलीचे ओठ मिटले. न्यायाधीशानं मान खाली घातली, कोर्टाचं दार उघडलं, उन्हात रस्ता दिसला आणि सिनेमा संपला.

आधी कचहरीच्या रांगा उठल्या. मग सगळा हॉल. टाळ्या थांबेनात, हर्षित स्टेजच्या कडेला उभा राहून डोळे पुसत होता, आणि शलाका पळत येऊन आजीला बिलगली. मुग्धा पहिल्या रांगेत उभी होती. नवऱ्याकडे बघून तिनं मान हलवली, आणि मिलिंदला वाटलं, आज आपण काम नीट करू शकलो नाही तेच बरं झालं.

गोविंदराव काठीवर एक हात ठेवून उभे होते. "वहिनी," ते म्हणाले, माइक तोंडापासून लांब धरून, "सिनेमा मी बंद पाडला होता."

"मला तेव्हाच माहीत होतं."

"कधी बोलला नाहीत."

"तुम्ही प्रश्न कुठे विचारलात?"

 गोविंदराव मिलिंदकडे वळले आणि म्हणाले की फायली उद्या सकाळी परत टेबलावर दिसल्या पाहिजेत. मिलिंद म्हणाला, त्या आता घरीच राहतील, तुम्हीच रोज चहाला या. गोविंदरावांनी थोडा विचार केला आणि साखर कमी टाकायला सांगितली.

टाळ्या ओसरत होत्या, तेवढ्यात मागच्या बाजूनं कॉलेजचा एक पोरगा ओरडला, "अम्मा जी, एक बार और!" मग दुसरा, मग वकिलांच्या रांगा, मग रेल्वेवाली म्हातारी मंडळी, ज्यांनी याच हॉलमध्ये नाटकांना वन्स मोअर दिले होते. "फिर से! फिर से!" पाय आपटून लोक ताल धरायला लागले.

हर्षितनं घाबरत विचारलं, आजी दमल्या असतील, नाही म्हणून सांगू का. प्रेमलानं शलाकाकडून पाण्याची बाटली घेतली, दोन घोट प्यायली आणि पदर नीट केला.

"पुन्हा लाव," ती म्हणाली. मग दिराकडे वळली. "भाऊजी, शेवटच्या प्रश्नाला विरघळलात तुम्ही. या खेपेला मला नीट धारेवर धरा."

हॉलमधले दिवे गेले. पडद्यावर कोर्टाचं दार उघडलं, मुलगी पिंजऱ्याकडे चालत आली, आणि गोविंदरावांनी घसा साफ करून, काठी भिंतीला टेकवून, पहिला प्रश्न विचारला.